बटणांच्या बदल्या

आमच्या समोरच्या दारातल्या काकांइतका संशयी माणूस गोदावरीच्या उत्तरेला दुसरा झाला नसावा. दक्षिणेचं मला खात्रीनं सांगता येत नाही. ते कोणावरही विश्वास ठेवत नसत. नातेवाइकांवर नाही, शेजाऱ्यांवर नाही, भिंतीवरच्या घड्याळावर नाही, आणि या यादीत सगळ्यांत शेवटी, पण सगळ्यांत ठळक अक्षरांत, स्वतःवर नाही. बाकीच्या संशयांची आम्ही जिन्यात उभं राहून यथेच्छ मजा घेतली. हा शेवटचा संशय मात्र त्यांनी एका डिजिटल कॅमेऱ्याच्या बटणांत लपवून ठेवला होता, आणि त्याचा पत्ता लागल्यावर माझं हसू जरा आखडलं.

सिडकोतल्या आमच्या तीन मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आमची दारं समोरासमोर. त्यांची बेल वाजवली की आतून 'कोण?' असं यायचं. तसं ते कुठल्याही घरातून येतं. आपण नाव सांगितलं की मात्र आतून दुसरा प्रश्न यायचा, 'कशावरून?' या प्रश्नाला आपल्याकडे उत्तर नाही हे माणसाला अशा वेळी पहिल्यांदाच कळतं. कुरियरवाला पाकीट दाराच्या भिंगासमोर धरायचा, गॅसवाला टाकीवर हातानं वाजवून दाखवायचा. काकूंची सख्खी बहीण वैजापूरहून आली की बाहेर उभी राहून काकूंच्या लहानपणची एखादी आठवण मोठ्यानं सांगायची, आणि त्यामुळे काकू चौथीत असताना शाळेच्या पत्र्यावर कशा चढल्या होत्या हे तिन्ही मजल्यांना ठाऊक होतं. मी एकदा कॉलेजातून दमून आलो, बायको बाहेर गेलेली, किल्ली सापडेना, म्हणून त्यांची बेल वाजवली. 'कशावरून?' आल्यावर मी म्हणालो, काका, आज मलाही खात्री नाही. दार लगेच उघडलं. खरं बोलणाऱ्याला ते ताटकळत ठेवत नसत.

मला ते मास्तर म्हणत. मी इंजिनिअरिंग कॉलेजात प्राध्यापक आहे असं मी ओळखीच्या पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पण कागद काही दाखवला नव्हता. घरी येणाऱ्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांवरून मी कुठंतरी शिकवत असणार एवढं त्यांनी कबूल केलं आणि 'मास्तर'वर तडजोड केली. माझ्या बायकोनं येसराच्या आमटीची वाटी पाठवली की वाटी हातात घेण्याआधी ते विचारत, आज काय आहे? काही नाही, सहज, असं ती म्हणाली की त्यांच्या भुवया वर जात. 'सहज' हा त्यांच्या दृष्टीनं मराठीतला सगळ्यांत संशयास्पद शब्द होता. सरकारात सहज काही होत नाही, कुणी सहज म्हणालं की फाइलीखाली आणखी एक फाइल आहे असं समजायचं, हे त्यांनी मला कितीदा तरी समजावून सांगितलं आहे. आमटी मात्र वाटी पुसून खायचे आणि दुसऱ्या दिवशी वाटीत काकूंच्या हातचं काहीतरी भरून परत द्यायचे, कोणाची मिंधेगिरी नको म्हणून.

हा स्वभाव त्यांना नोकरीनं दिला की या स्वभावामुळे ती नोकरी मिळाली, हे सांगणं कठीण आहे. एकतीस वर्षं त्यांनी इथल्याच एका सरकारी कचेरीच्या आस्थापना शाखेत काढली. आस्थापना म्हणजे जिथं माणसांच्या नेमणुका, बदल्या, रजा आणि निलंबनं कागदावर घडतात ती खोली. त्या खोलीत बसून काकांनी जन्मतारखा बदलणारे पाहिले, आजाराचे दाखले पाहिले, एकाच दिवशी दोन गावांत हजर असलेले कर्मचारी पाहिले. एका कारकुनानं आजी वारल्याची रजा तिसऱ्यांदा मागितली तेव्हा काका रविवारी एसटीनं फुलंब्रीला गेले, घर शोधून काढलं, आजींच्या हातचा चहा प्याले आणि सोमवारी फाइलवर लिहिलं, 'मयत आजी समक्ष पाहिली. प्रकृती ठणठणीत. चहात साखर जास्त.' बदल्यांविषयी तर त्यांचं स्वतंत्र तत्त्वज्ञान होतं. माणूस मुळात वाईट नसतो, पण एका टेबलावर तीन वर्षं बसला की ते टेबल त्याला वाईट करतं; म्हणून बदली ही शिक्षा नसून स्नान आहे, असं ते म्हणत. एकतीस वर्षांत त्यांनी हजारो बदल्यांचे कागद तयार करून साहेबांपुढं ठेवले. सही साहेबांची. स्वतःच्या अधिकारात एका शिपायालाही या खोलीतून त्या खोलीत हलवण्याची संधी त्यांना कधी मिळाली नाही, आणि ही खंत ते बोलून दाखवत नसले तरी बोलण्याच्या आजूबाजूला असायची.

निवृत्तीनंतर एवढा मोठा संशय घरात मावेना. गेटसमोर गाडी कोण लावतं, जिन्यातला दिवा दिवसा कोण चालू ठेवतं, शेजारच्या प्लॉटवरचा वाळूचा ढीग रोज थोडा थोडा इकडं कसा सरकतो, या सगळ्याची प्रकरणं त्यांच्या डोक्यात उघडली गेली आणि प्रत्येकाला पुरावा लागला. पुण्याच्या लेकीनं त्यांना चांगला फोन घेऊन दिला होता, पण फोननं काढलेला फोटो परस्पर कुठंतरी जातो, अशी त्यांची ठाम समजूत होती. जी वस्तू दिवसभर बाहेरच्यांशी बोलत असते तिच्याकडे आपलं गुपित द्यायचं नाही. म्हणून त्यांना सिमकार्ड नसलेला, एकटा, अबोल असा कॅमेरा हवा होता. पैठण गेटजवळच्या एका दुकानात तो घ्यायला ते गेले तेव्हा मला सोबत नेलं, ते मला त्यातलं कळतं म्हणून नाही, तर पंच म्हणून.

दुकानदार माझ्याच वयाचा, सोशिक मनुष्य होता. 'हौ चचा, सील तुमीच तोडो,' म्हणून त्यानं खोका काकांच्या हातात दिला. काकांनी सील भिंगातून पाहिलं, मग तोडलं. कॅमेरा सुरू झाला आणि काका पडद्यावरचं इंग्रजी एकेक अक्षर लावून वाचू लागले. वाचता वाचता एका शब्दावर थांबले. माझी बाही धरून मला पंख्याखाली नेलं आणि हळूच म्हणाले की मास्तर, कस्टम लिहिलंय, माल पकडलेला हाय. आमच्या लहानपणी कस्टमचा माल म्हणजे बंदरावर पकडलेली घड्याळं आणि रेडिओ. त्यामुळे काकांचा संशय अगदीच हवेतला नव्हता. दुकानदारानं पुष्कळ समजावलं की चचा, कस्टम म्हणजे अपनी मर्जी, हे बटण कोणत्या कामाला लावायचं ते तुमची मर्जी. कस्टमवाले आजवर कुणाच्या मर्जीनं चालले, असं काकांनी त्याला विचारलं. शेवटी तो कंटाळला आणि त्यानं कॅमेऱ्याची भाषाच मराठी करून दिली. पडद्यावर अक्षरं उमटली, 'सानुकूल नियंत्रणे', आणि त्याखाली, 'बटणास कार्य नियुक्त करा'.

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि पुन्हा खाली आणला. 'नियुक्त करा,' त्यांनी वाचलं. मग खालची यादी वाचली. कोणतंही बटण कोणत्याही कामावर नेमता येत होतं, वाटेल तेव्हा त्या कामावरून काढता येत होतं, आणि साहेबांच्या सहीसाठी कुठंही जागा सोडलेली नव्हती. पुढं त्यांनी भिंगांबद्दल विचारलं नाही, हमीबद्दल विचारलं नाही. कॅमेरा छातीशी धरून ते रिक्षात बसले आणि क्रांती चौक येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. असे ते मी आधी कधी पाहिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या टेबलावर दोनशे पानी वही होती आणि वर सुवाच्य अक्षरांत 'बटण आस्थापना नोंदवही'. कॅमेऱ्याला बदलता येण्याजोगी नऊ बटणं. प्रत्येकाला क्रमांक, प्रत्येकाचं जन्मजात काम, आणि समोर नवी नियुक्ती. वरचं लाल बटण कंपनीनं व्हिडिओसाठी ठेवलेलं. त्याच्या रंगावरूनच त्याला लई घाई आहे असं ठरवून काकांनी त्याची उचलबांगडी केली आणि उजेड कमी-जास्त करायच्या कामावर बसवलं. फोकसचं बटण पुढच्या बाजूला आडोशाला धाडलं. कचऱ्याच्या डब्याचं चित्र असलेलं, फोटो पुसणारं बटण पाहून तर त्यांच्या अंगावर काटा आला. पुरावा नष्ट करण्याची प्रवृत्ती, असा शेरा मारून त्याला निलंबित केलं. राहिली आठ. फोटो काढायचं मुख्य बटण मात्र कुठल्याच यादीत येईना. त्याची बदली करायची सोयच नव्हती. कंपनी ते हलवू देत नाही, असं मी सांगितलं तेव्हा काकांनी समजून मान हलवली. त्याला वरून वशिला आहे हे त्यांच्या लक्षात आलं होतं. पुढं फोटो काढताना ते बटण ते नाइलाजानं दाबत आणि दाबताना दुसरीकडे बघत.

सव्वीस जानेवारीला इमारतीसमोर झेंडावंदन झालं आणि या व्यवस्थेचा पहिला कस लागला. आमचा सेक्रेटरी हौशी मनुष्य. काका, आज तुम्हीही फोटोत या, असं म्हणून त्यानं कॅमेरा त्यांच्या हातातून जवळजवळ ओढलाच. आम्ही अकरा जण ओळीनं उभे. त्यानं बटणांवरची चित्रं पाहून एक दाबलं तर पडदा काळा झाला. दुसरं दाबलं तर तिसऱ्या मजल्यावरच्या वकिलांचं नाक पडदाभर आलं. दहा मिनिटं उन्हात उभं राहून शेवटी जो एकुलता एक फोटो निघाला त्यात आमच्या सगळ्यांच्या चपला अतिशय स्पष्ट आल्या आहेत. सेक्रेटरी वैतागून निघून गेला. काकांच्या चेहऱ्यावर मात्र मी इतकं समाधान क्वचित पाहिलं. बाहेरच्या माणसाला एकाही बटणानं ओळख दिली नव्हती.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण मग बदल्या सुरू झाल्या. आधी महिन्याला, नंतर दर सोमवारी. दर सोमवारी सकाळी काका नवा आदेश काढायचे, लाल बटण पुढं, पुढचं मागं, मागचं वर, आणि मी कॉलेजला निघालो की पायरीवर मला गाठून आदेशाची पोच म्हणून सही घ्यायचे. सरकारात तीन वर्षांनी करतात ते तुम्ही सात दिवसांत का करता, असं एका सोमवारी मी चिडूनच विचारलं. बस चुकली होती. काकांनी मला आत घेतलं. काकू भाजी आणायला गेल्या होत्या. तरी त्यांनी दार लावलं, स्वयंपाकघराची खिडकी लावली, आणि खुर्ची माझ्याजवळ ओढली.

"मास्तर, पिशोरला माझे थोरले भाऊ होते," ते म्हणाले. "गावातल्या हरेक शेताचा गट नंबर तोंडपाठ. तलाठी त्यांना इचारायला यायचा. एक दिवस तिन्हीसांजेला दिवा लावायला उठले आन् पंख्याचं बटण दाबलं. घर त्यांनीच बांधलेलं, बटणं त्यांनीच उभं राहून बसवून घेतलेली. आम्ही समदे हसलो. मीबी हसलो. दोन वर्षांनी मी भेटायला गेलो तर उठून उभे राहिले आन् म्हणाले, साहेब, आपण कोणत्या खात्याचे?"

त्यांनी कॅमेऱ्यावरची न दिसणारी धूळ पुसली.

"घरातली बटणं हाताला पाठ हायत. हात खोटी साक्ष देतो. डोक्याला नवं काही धरता येतं का नाय, ते बदली केल्याबिगर कळणार कसं?"

तेव्हा मला कळलं की हा कॅमेरा वाळूच्या ढिगासाठी घेतलेला असला तरी आता आरोपी बदलला होता. काका स्वतःवर पाळत ठेवून होते. मी अर्थातच डॉक्टरांचं नाव काढलं. डॉक्टरकडे ते जाऊन आले होते आणि नापसंत करून परत आले होते. आज वार कोणता, महिना कोणता, आपण कुठं आहोत, असले ठरलेले प्रश्न. त्यांच्या मते ही फुटलेली प्रश्नपत्रिका झाली, घरून पाठ करून जाता येतं. शिवाय शहराचं नाव आता बदललेलं, ते विचारलं आणि सवयीनं जुनं तोंडातून निघालं तर डॉक्टर त्याला विसर म्हणणार की काय म्हणणार? मग अर्धं शहर भरती करावं लागेल, असं ते म्हणाले आणि आम्ही दोघंही हसलो. ते हसणं बरं वाटलं, पण फार पुरलं नाही.

मग आमची शनिवारची परीक्षा सुरू झाली. स्वतःची परीक्षा स्वतः घेण्याइतका त्यांचा स्वतःवर भरवसा नव्हता, म्हणून परीक्षक मी. माझ्यावरही नव्हता, म्हणून नियम. सोमवारी आदेश लिहून झाला की नोंदवही दोऱ्यानं बांधायची, गाठीवर लाख लावायची, आणि ती माझ्या कपाटात. कॅमेरा त्यांच्या कपाटात. शनिवारी दहा वाजता दोन्ही त्यांच्या टेबलावर यायचं. कॅमेऱ्यावर पंचा झाकायचा. काकांनी न बघता आठ बटणांची कामं सांगायची, मी कागदावर लिहायची. मग पंचा काढून एकेक बटण दाबून पडताळणी. उत्तर आणि कॅमेरा यांत फरक पडला तरच वहीचा दोरा कापायचा. दर शनिवारी आल्या आल्या ते आधी गाठ तपासत, आणि ती शाबूत पाहून माझ्याकडे जराशा निराशेनंच बघत. काकूंना मी कॅमेरा शिकवायला येतो असं सांगितलेलं. त्या पोह्यांची ताटली ठेवत आणि एवढे महिने झाले तरी शिकवून होईना का हो, असं मला विचारत. चांगल्या नावाजलेल्या कॉलेजात शिकवूनही त्या घरात माझी अशी बेअब्रू झाली.

कितीतरी महिने आठपैकी आठ. काका पैलवानासारखे खुर्चीत रेलत. एकदा त्यांनी मलाच परीक्षेला बसवलं, धडधाकट डोक्याला किती मिळतात ते बघायला. मी आठवडाभर मनापासून अभ्यास केला आणि आठपैकी तीन मिळवले. त्यांना हे पटेना. मला धीर द्यायला तुम्ही मुद्दाम नापास झालात, असा त्यांनी आरोप केला. मी शपथेवर सांगितलं की काका, हे खरेच तीन आहेत. ते म्हणाले, कशावरून?

दिवाळीनंतरच्या एका शनिवारी सात आले. काकांनी दोष कॅमेऱ्याला दिला, आणि सोमवारी तो घेऊन पैठण गेटला गेले. दुकानदारानं तासभर तपासून, चचा, मशीन एकदम सही है, असं सांगितलं. एरवी त्यांनी त्याच्यावरही संशय घेतला असता. त्या दिवशी नुसतं 'बरं' म्हणाले आणि परत आले. मग सहा, मग पुन्हा आठ. त्या आठच्या आनंदात त्यांनी वाळूच्या ढिगाचे सगळे फोटो मला एकामागून एक दाखवले. मग परत सहा, पाच. मी सांगत होतो की काका, मला तीन पडतात. पण मला तीन पडणं आणि त्यांचे आठाचे पाच होणं यांत फरक आहे, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही. मार्चमध्ये एका संध्याकाळी मी त्यांची बेल वाजवली. 'कोण?' असं आलं. मी नाव सांगितलं आणि पुढच्या प्रश्नाची वाट बघत उभा राहिलो. दार उघडलं. काका हसून या म्हणाले. मी आत गेलो, बसलो, चहा प्यालो, पण मला चैन पडेना. इतकी वर्षं ज्या प्रश्नाची टिंगल केली तो आलाच नव्हता.

त्यानंतरच्या शनिवारची ही गोष्ट. पंच्याखाली कॅमेरा, समोर लाख लावलेली वही, आणि काका डोळे मिटून उत्तरं देत होते. चाचपडत देत होते. फोकसचं काम त्यांनी दोन बटणांना दिलं आणि दिल्याचं त्यांच्या ध्यानात आलं नाही. मी लिहीत गेलो. आठवं उत्तर संपतंय तोच आतून काकूंनी हाक मारली की पाणी आलं. आमच्याकडे नळाला पाणी येतं ते आठवड्यानं, आणि आलं की सगळं सोडून उठावं लागतं. काका उठले. टाकीचा कॉक काकूंच्या हातानं फिरत नाही.

खोलीत मी, कॅमेरा आणि तो कागद. मी पंचा उचलला आणि पडद्यावरची यादी उघडून कागदाशी ताडून पाहिली. आठांतली तीन बरोबर होती, पाच चुकली होती. तीन मला पडले होते तेव्हा आम्ही हसलो होतो. आता माझ्या डोळ्यांपुढं तो माणूस आला, पिशोरच्या घरात उठून उभा राहिलेला, समोरच्याला खातं विचारणारा. मी विचार केला नाही असं म्हणणार नाही. केला, आणि तरी केलं. त्यांनी जी उत्तरं दिली होती त्याप्रमाणे मी पाचही बटणांची कामं बदलून टाकली. फोकस दोन ठिकाणी नेमता येतं हेही मला त्याच वेळी कळलं. पंचा पुन्हा होता तसा झाकला. एवढा मोठा खोटेपणा मी कधी केला नव्हता.

काका पाय पुसत आले. पडताळणी सुरू झाली. पहिलं बटण, बरोबर. दुसरं, बरोबर. मी कागदावर खुणा करत गेलो, आवाज शक्य तितका कोरडा ठेवून. आठही बरोबर निघाली. मी म्हणालो, काका, पैकीच्या पैकी. मला वाटलं ते रेलून बसतील. ते बसले नाहीत. कॅमेऱ्याकडे बघत राहिले. मग खणातून कात्री काढली. मी नियमाची आठवण करून दिली की फरक पडला तरच वही उघडायची असते. त्यांनी ऐकलं न ऐकलं केलं आणि दोरा कापला. पैकीच्या पैकी हे त्यांना पटलेलंच नव्हतं.

सोमवारचा आदेश त्यांच्याच अक्षरात होता. बोट एकेका ओळीवरून खाली सरकलं, मग कागदावर गेलं, मग परत वहीवर. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि ते पाहणं आस्थापना शाखेतलं होतं, जुनं, फुलंब्रीला जाऊन आलेलं.

"मास्तर, पाणी भरायला मी किती मिनिटं गेलो होतो?"

"दहा असतील."

"दहा मिनिटांत पाच बदल्या. बिगर आदेशाच्या."

मी मान खाली घातली. लाज वाटली हे खरं, पण त्याच्या कितीतरी पट मला आनंद झाला होता. मी पकडला गेलो होतो. मला पकडणारा माणूस अजून शाबूत होता. आता बोलणी बसतील, मला परीक्षक म्हणून निलंबित करतील, करू देत, असं मला मनापासून वाटत होतं.

पण तसं काही झालं नाही. त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि आदेशाखालच्या मोकळ्या जागेत लिहायला लागले. अक्षर तसंच, शिरोरेघ तशीच सरळ. लिहून झाल्यावर वही माझ्याकडे फिरवली. 'सोमवारच्या आदेशात पाच बदल. सदर बदल मास्तरांनी परस्पर केले. कार्योत्तर मंजुरी देण्यात येत आहे.' आधी करून टाकलेल्या कामाला मागाहून दिलेली परवानगी म्हणजे कार्योत्तर मंजुरी. कचेरीत तिची मागणी करणारी प्रत्येक फाइल आपण एकतीस वर्षं जशीच्या तशी परत पाठवली, असं ते तेव्हाच मला म्हणाले. ही पहिली.

"पाचच ना?" त्यांनी विचारलं.

"पाचच, काका."

त्यांनी खाली सही केली. सहीखाली पेन टेकवलं आणि तिथंच थांबले. स्वयंपाकघरात टाकी भरण्याचा आवाज बदलला होता, काकू कॉक बंद करायला हाक मारत होत्या.

"आज तारीख किती?" काकांनी हळूच विचारलं.

मी सांगितली. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं नाही, काकूंना विचारलं नाही. मी सांगितली तशी लिहिली.